माझ्या बाकावरची गन

नवरा-बायकोनं एकाच कारखान्यात काम करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. घरी भांडण झालं तर कामावर जाऊन तोंड लपवता येत नाही. आणि कामावर काही बिनसलं तर घरी येऊन सांगायचं कुणाला? ज्याला सांगायचं तो तिथंच उभा असतो, सगळं त्याच्या डोळ्यांदेखत झालेलं असतं, आणि वर म्हणतो, "तुझंच चुकलं." लेक फोनवर म्हणते, आई, तुमचं किती छान, दोघं सोबत जाता, सोबत येता. सोबत कसली डोंबलाची! हे चार पावलं पुढं, डबे घेऊन मी मागं, आणि मधे एखादा ट्रक घुसला तरी ह्यांना पत्ता लागायचा नाही.

आमचे हे वेल्डर. व्हीलचेअर आणि दवाखान्यातल्या खाटा बनवणाऱ्या कारखान्यात ह्यांचं सगळं आयुष्य गेलं. व्हीलचेअरच्या नळ्या पातळ असतात. पातळ नळीला नळी जोडायची म्हणजे हात जरा रेंगाळला की नळीला भोक पडतं, जरा घाईत पुढं गेला की सांधा कच्चा राहतो. ह्यांनी मारलेली रेघ मात्र अशी, की मशीनवर शिवलीय असं वाटावं. बोलायला हे मुलखाचे कंजूष. पण सांधा दिसला की माणूस जागचा हलत नाही. बसच्या सीटखाली वाकून बघतील, डॉक्टरच्या स्टुलाला उलटं करतील. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या माहेरी आलो तेव्हा सगळे आत गप्पा मारत बसले होते आणि हे बाहेर फाटकापाशी उकिडवे. वडील धावत आले, त्यांना वाटलं जावयाची अंगठी पडली. ह्यांनी वर बघून एवढंच विचारलं, "हे फाटक कुणाकडून केलंत?" वडिलांनी पुढच्या महिन्यात फाटक बदललं.

मी त्याच कारखान्यात गनच्या बाकावर. गन म्हटलं की लोक दचकतात. बाई, वेल्डिंगची गन! मशीनवर तारेचं रीळ असतं. तिथून तार एका लांब केबलमधून सरकत येते, गनच्या तोंडातून बाहेर पडते आणि वितळून सांध्यात भरते. त्या केबलच्या पोटात एक लांबलचक पोकळ स्प्रिंग बसवलेली असते, तिला लायनर म्हणतात. तार जाते ती त्या लायनरमधून. बारीक तारेला बारीक भोकाचा लायनर, तो निळा. जाड तारेला मोठ्या भोकाचा, तो लाल. जाड तार निळ्यात घातली तर ती कोंडते आणि मागं तार ढकलणाऱ्या रोलरपाशी गुंत्याचं घरटं होऊन बसते. ते एक वेळ परवडलं, कारण लगेच दिसतं. बारीक तार लाल लायनरमध्ये घालणं जास्त वाईट. केबल सरळ आहे तोवर ती गुमान येते. केबलला वळण पडलं की आतल्या आत लटपटायला लागते, एकदा पळते, एकदा थांबते. लहान पोरानं बापाचे बूट घालून धावायला जावं तसं. मग वेल्डरचा हात कितीही पक्का असो, रेघ वाकडीच येणार.

म्हणून माझं काम नाजूक. केबल जमिनीवर सरळ पसरायची, जराही वळण नको. तारेच्या मापाचा लायनर आत सारायचा, टोक मोजून कापायचं, कापलेल्या जागेला कानसीनं गुळगुळीत करायचं. तिथं केसाएवढी धार राहिली तरी तार खरवडते. मी केबल पसरलेली असताना कुणी ओलांडून गेलं की माझ्या तोंडाचा पट्टा सुरू. "डोळे घरी ठेवून आलात का?" हे वाक्य मी साहेबांनाही ऐकवलंय. साहेब म्हणजे आमचा सुपरवायझर. साहेब कसला, माझ्या लेकीच्या वयाचा आहे, मला काकू म्हणतो. पण माझ्या बाकावरून गेलेली गन तक्रार घेऊन परत येत नाही, हे तोही मानायचा. मलाही त्याचा तोरा होता. का नसावा? माणसाला कशाचा तरी तोरा असावा.

आणि मग एक दिवस हाच पोरगा ह्यांची गन हातात घेऊन माझ्या बाकाशी आला.

"काकू, जरा बघता का? काकांच्या सांध्यांत गडबड येतेय. तार धड येत नाही म्हणतात."

"माझ्या गनमधून?" मी म्हटलं.

"लंबूनंही मारून बघितलं. त्याचीही रेघ वाकडी."

लंबू हा ह्यांच्या शेजारच्या टेबलावरचा वेल्डर. नावाप्रमाणे ताडमाड, आणि जिभेला हाड नाही. तोही मागोमाग आला होताच, तमाशा बघायला. मी फणकाऱ्यानं गन उघडली, लायनर बाहेर ओढला. लाल होता. ह्यांच्या मशीनवर बारीक तार, आणि आत लाल लायनर.

"वहिनी, रंग ओळखता येईनात होय आता?" लंबू हसला. "लाल सिग्नलला रस्ता ओलांडू नका बरं का."

एरवी मी त्याला तिथल्या तिथे सोलला असता. त्या दिवशी मी सरळ लायनरचं कपाट उघडलं. निळा लायनर घातला, गन परत दिली. माझ्या हातून हे झालंच कसं, याचा विचार करत दिवसभर बसले. मला आठवत होतं, अगदी लख्ख आठवत होतं, मी निळाच घातला होता. पण समोर लाल निघाला होता, आणि समोर निघालेल्या गोष्टीपुढं आठवण काय करणार?

काही दिवसांनी पुन्हा तेच. मी ह्यांना दुसरीच गन दिली, तीही बिघडली. पुन्हा उघडली, पुन्हा लाल. साहेब फक्त "काकू…" म्हणून थांबला. ते थांबणं मला शिवीसारखं लागलं. बाकीचे वेल्डर गन न्यायला आले की माझ्यासमोर ट्रिगर दाबून बघायला लागले. पूर्वी कुणाची शामत नव्हती तसं करायची.

माझा माझ्यावरचा विश्वासच उडाला, काय सांगू! घराला कुलूप लावून निघायचं, कोपऱ्यापर्यंत जायचं आणि परत फिरायचं, लावलं की नाही बघायला. भाजीत मीठ टाकल्याचं आठवायचं नाही, म्हणून पुन्हा टाकायचं. हे खारट ढोण भाजी मुकाट्यानं खायचे. एरवी जेवताना ताटातला एक खडा लागला तर तोंड वाकडं करणारा माणूस! मला वाटलं, किती सांभाळून घेतात बिचारे.

शेवटी मीच म्हटलं, माझे डोळे तपासायला हवेत. हे माझ्यासोबत आले. डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांची पानं समोर धरली, लाल कुठला, निळा कुठला, हिरव्यातला आकडा कुठला. मी सगळे बरोबर ओळखले. डॉक्टर म्हणाला, बाई, डोळे ठणठणीत आहेत. मला बरं वाटायला हवं होतं. उलट जास्तच घाबरले. डोळे ठीक असतील तर मग डोकंच चाललं म्हणायचं. बाहेर बाकड्यावर हे बसले होते. मी सांगितलं, डोळ्यांत काही नाही. ह्यांनी मान खाली घातली, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि त्या दिवशी घरापर्यंत माझ्या बरोबरीनं चालत आले. माझा तर जीव भरून आला. इतक्या वर्षांत माणूस एकदा शेजारून चालला, तोही माझी काळजी म्हणून!

घरी लेकीची नेलपॉलिशची बाटली पडून होती, सुट्टीला आली तेव्हा विसरून गेलेली. जांभळी, अगदी भडक. मला युक्ती सुचली. मी बसवलेल्या प्रत्येक लायनरच्या शेपटाला जांभळा ठिपका लावायचा. ठिपका असला म्हणजे लायनर माझ्या हातचा. कुणाला सांगितलं नाही, ह्यांनाही नाही. वेडी ठरले असते, आणि वेडी ठरायची तर निदान एकटीत ठरावी.

त्याच आठवड्यात व्हीलचेअरचा पाय ठेवायचा पत्रा तुटला. तयार झालेल्या खुर्च्या साहेब पायानं दाबून बघतो. एका खुर्चीवर त्यानं पाय दिला आणि सांधा कट्कन सुटला. सगळा कारखाना थांबला. खुर्चीत माणूस बसलेला असता तर? सगळ्यांच्या तोंडावर तेच होतं. खुर्ची ह्यांच्या टेबलावरची. साहेबानं ह्यांच्याकडे एकदाही बघितलं नाही. तो सरळ ह्यांची गन घेऊन माझ्याकडे आला.

मी सगळ्यांसमोर लायनर काढला. लाल. मी शेपूट उलटंसुलटं करून बघितलं. ठिपका नव्हता.

"हा माझा नाही!" मी ओरडले. "साहेब, हा मी घातलेला नाही. मी घातलेल्याला खूण आहे. हे बघा, बाकीच्या गन उघडा, खूण बघा!"

"काकू, मग कुणी घातला?" साहेब अगदी हळू बोलत होता, आजाऱ्याशी बोलतात तसं. "कपाट तुमच्या ताब्यात. किल्ली तुमच्या पर्समध्ये. कोण कशाला असं करेल?"

कोण कशाला करेल? जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी माझ्या पर्समधून किल्ली काढायची, कपाट उघडायचं, केबल पसरून लायनर बदलायचा, टोक मोजून कापायचं, आणि हे सगळं कशासाठी? मलासुद्धा ते बोलताना खोटं वाटायला लागलं.

"सोमवारपासून तुम्ही पॅकिंगला बसा," साहेब म्हणाला. "तिथं आराम आहे. बाक कुणालातरी देतो."

आराम! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण डोळ्यांतून पाणी आलं ते आलंच. रडायचं नव्हतं मला. हे टेबलापाशी उभे होते, वेल्डिंगचा मुखवटा कपाळावर सारलेला, आणि जमिनीकडे बघत होते.

परत येताना मी वाटभर बडबडत होते. "लंबूच असणार. त्याला कधीपासून माझ्यावर खुन्नस आहे. उद्या सगळ्यांसमोर त्याचे कपडे उतरवते. दे म्हणावं माझा निळा लायनर परत, चोरट्या!"

"नको," हे म्हणाले.

"का नको?"

"लंबू तसा नाही."

"मग कोण तसा आहे?"

हे पुन्हा चार पावलं पुढं. मी म्हटलं, चला, ह्यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही, भिंतीशी बोललेलं बरं.

घरी येऊन डबे घासायला घेतले. माझा काढला. ह्यांचा डबा ह्यांच्या बॅगेत. मी बॅगेत हात घातला आणि डब्याच्या खाली काहीतरी गोल, थंड लागलं. बाहेर काढलं. लायनर होता. निळा. छान गोल वेटोळं करून, तारेच्या तुकड्यानं दोन ठिकाणी बांधलेला. शेपटाला जांभळा ठिपका.

नळ तसाच चालू राहिला. मी ठिपका नखानं खरवडून बघितला, नेलपॉलिशच होतं. मग नळ बंद केला, बाहेरच्या खोलीत गेले आणि ते ह्यांच्यासमोर टेबलावर आपटलं.

"हे काय आहे?"

ह्यांनी बघितलं. "लायनर."

"लायनर आहे ते मलाही कळतं. डोळे तपासून आणलेत ना माझे? तुम्ही तर सोबत होतात!"

मग ह्यांनी उजवा हात उचलला आणि टेबलावर ठेवला, उलटा, तळवा वर करून. "बघ," म्हणाले.

मी बघितलं. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांवर घासत होते, बारीक बारीक, चिमटीत काहीतरी चोळल्यासारखे. हे काही करत नव्हते. हात आपलाआपण करत होता.

"थांबवा ते," मी म्हटलं.

"थांबत नाही."

"थांबवा म्हणते ना!"

"अगं, थांबत नाही."

मी खुर्चीवर बसले. "कधीपासून?"

"थंडीत सुरू झालं. वाटलं, गारठ्यानं होत असेल. मग थंडी गेली तरी राहिलं."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"नाही."

"का? माझ्या डोळ्यांसाठी बरा सापडला डॉक्टर!"

ह्यांनी हात टेबलाखाली घेतला. मग एवढ्या वर्षांत बोलले नसतील तेवढं एका दमात बोलले. "रेघ वाकडी यायला लागली. लोक आधी हात बघतात. हात बघितला की संपलं. तार लटपटत असली की ज्याच्या हातात गन देशील त्याची रेघ वाकडी, लंबूचीसुद्धा. मग हाताकडे कोण बघतंय? सगळे म्हणतात, गन खराब. मला एवढंच पाहिजे होतं. थोडे दिवस. हात बरा होईपर्यंत."

"गन खराब म्हणजे काय?" मी विचारलं. "गन म्हणजे कोण? मी! त्या कारखान्यात गन म्हणजे मी!"

"तुला कोण बोलणार, वाटलं. तुझ्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत आहे? तुला कुणी हलवणार नाही असं वाटलं मला."

"मी महिनाभर वेडी झालेय अशा समजुतीत फिरतेय. कुलूप लावलं की नाही बघायला परत येतेय. तुम्ही बघत होतात. खारट भाजी खात होतात आणि बघत होतात!"

"हो," हे म्हणाले. सरळ हो म्हणाले. त्या होला मी काय करू? खोटं बोलले असते तर निदान भांडता आलं असतं.

मला राग आला होता, असा राग की टेबल उलथवून टाकावं. आणि त्याच वेळी टेबलाखालचा तो हात मला दिसत नव्हता म्हणून भीती वाटत होती, की आत्ता तो काय करत असेल. राग आधी काढू की भीती, ते कळेना. मी आपलं भलतंच विचारलं.

"आणि हा निळा फेकून का नाही दिलात? बॅगेत कशाला मिरवत होतात?"

ह्यांनी माझ्याकडे नवलानं बघितलं. "नवा होता. चांगला कापलेला. टाकवेना."

कर्म माझं! बायकोची अब्रू घालवायला मागंपुढं बघितलं नाही, आणि लायनर टाकवेना. मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. हे उठून माझ्यापाशी आले, डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. मी झटकला. मग पुन्हा ठेवला, तेव्हा राहू दिला.

"तो पाय ठेवायचा पत्रा," मी डोळे पुसून म्हटलं. "तो कसा पुढं गेला? तुम्ही स्वतः बघितल्याशिवाय खुर्ची पुढं देत नाही."

"बघितला होता," हे म्हणाले. "ठीक वाटला होता मला."

हात जाणं एक. पण ह्यांच्या नजरेला कच्चा सांधा पक्का वाटला? सासऱ्याच्या फाटकापाशी उकिडवा बसणारा हा माणूस!

तरी आशा मोठी चिवट असते. स्वयंपाक करताना माझ्या डोक्यात आलं, कुणी सांगावं, हात एवढा गेलाही नसेल. महिनाभर हे स्वतःच्याच लटपटत्या तारेनं काम करतायत. त्यातून वर धाकधूक, की कुणाला कळेल. अशानं धडधाकट माणसाचा हात थरथरेल. नीट तार मिळाली तर हातही नीट चालेल. मी ह्यांना म्हटलं, "उद्या भोंग्याच्या आधी जायचं. मी माझा लायनर घालते. माझ्यासमोर एक रेघ मारून दाखवा."

"आणि मग?"

"मग बघू."

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा शेडमध्ये झाडूवाला तेवढा होता. मी ह्यांच्या मशीनची केबल पसरली. लाल काढला, कालचा निळा पुसून पुन्हा आत सारला. टोक बोटानं चाचपलं. इतक्या निगुतीनं मी नव्या नवरीचे केसही विंचरले नसते. गनच्या तोंडाची टिप आवळली, गन ह्यांच्या हातात दिली आणि दुसरा मुखवटा तोंडापुढं धरून मागं उभी राहिले.

ह्यांनी नळीला नळी लावली. हात टेबलाला टेकवला, श्वास घेतला, मुखवटा खाली पाडला. ठिणगी पेटली. आवाज ऐकला आणि माझा जीव भांड्यात पडला. सलग, एकसुरी, कुठं तुटत नव्हता. तार अगदी सुतासारखी येत होती. मी मनात म्हटलं, बघ, झालं ना! मुखवट्याच्या काचेतून तो हिरवा उजेड हळूहळू पुढं सरकत होता. मग तो एकदम बाजूला गेला. परत आला. थांबला. पुन्हा गेला. आवाज तसाच सलग होता आणि उजेड मात्र इकडेतिकडे फिरत होता. नळीला भोक पडलं. हे तरीही थांबले नाहीत, भोकापलीकडून पुढं निघाले, आणि तिथंही तेच.

मी तोंडापुढचा मुखवटा खाली केला तेव्हा साहेब आणि लंबू दोघंही मागं येऊन उभे होते. साहेबानं पकडीनं नळी उचलली, वळवून बघितली.

"पुन्हा?" तो माझ्याकडे वळला.

मी एक शब्द बोलले असते तर बाक माझा होता. महिनाभर मी त्याच शब्दासाठी तडफडत होते. माझ्या तोंडून निघालं, "हो साहेब. गनच. माझीच चूक. मला दिसत नाही आता नीट. द्या मला पॅकिंगला."

"नाही," हे म्हणाले. मुखवटा काढून टेबलावर ठेवला. "गन नीट आहे. लायनर मीच बदलत होतो, ही नाही. माझा हात गेलाय."

साहेब दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. बिचाऱ्याच्या तोंडावर गोंधळ होता. "काका, तुम्ही काकूंना वाचवायला म्हणताय. काकू, तुम्ही काकांना. असं कसं चालेल? लोक बसणार आहेत या खुर्च्यांवर. मला फक्त एक सांगा. गन नीट आहे की नाही?"

लंबू आणखी जवळ सरकला.

मग ह्यांनी गन माझ्यापुढं धरली. "दाखव त्यांना," म्हणाले. "तार सोडून दाखव."

"नाही," मी म्हटलं.

"दाखव गं."

ह्यांनी केबल मुद्दाम पायाशी वेढे घालून पडू दिली. वेढ्यावर वेढा, लायनर चुकीचा असता तर तार दुसऱ्या श्वासालाच लटपटली असती. मी गन घेतली, टेबलापासून लांब धरली आणि ट्रिगर दाबला. रोलर फिरले. तार निघाली, सरळ, एका चालीनं. लंबूनं वाकून केबलला आणखी एक पीळ दिला. तार तशीच येत राहिली. आयुष्यभर मी त्या सळसळीसाठी जीव टाकला, ती ऐकली की मला जेवण गोड लागायचं, आणि आता मी मनातल्या मनात म्हणत होते, अडक गं बाई. एकदा तरी अडक. जरा तरी थांब. तिनं जमीन गाठली, वळली, माझ्या चपलेपाशी वेटोळं घालत येतच राहिली. मी बोट काढत नव्हते.

शेवटी काढलं. मान वर करून बघितलं तर माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. साहेब आणि लंबू, दोघंही ह्यांच्या हाताकडे बघत होते.